भाच्यानं सलून घेतलं

आमच्या भाच्यानं बेंगळुरात सलून घेतलं, ही बातमी निपाणीभर व्हायला चार मिनिटं लागली. ती निस्तरायला मला अख्खा पावसाळा लागला.

चूक माझीच. २०२१च्या उन्हाळ्यात गाडी चामराजपेटेतल्या आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि मी हर्षवायू झाल्यासारखा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून बसलो, 'अभिनंदन! चिरंजीवांनी स्पोर्ट्स सलून घेतलं!' सरळ सेडान म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण तरुणपणी रद्दीतली विलायती मोटारींची मासिकं वाचायची खोड, आणि विलायतेत चार दारं नि मागं डिकी असलेल्या घरंदाज गाडीला सलून म्हणतात. निपाणीत सलून म्हणजे गोल फिरणारी खुर्ची, समोरासमोर दोन आरसे आणि परवाचा पेपर.

पहिला फोन ताईचा. "अरे, खरं सांग, नोकरी गेली का त्याची?" आवाज रडवेला. "आणि लॉकडाउनात सगळ्यांची सलूनं बंद पडलीत, ह्यानं नवीन काढलं?" मागून काकू विचारत होत्या, लेडीज की जेन्ट्स. शेवटी आप्पांनी फोन घेतला. आप्पा म्हणजे माझे वडील. वय तेव्हा ब्याऐंशी. रडारड त्यांना चालत नाही, ते थेट व्यवहाराला हात घालतात.

"किती खुर्च्यांचं आहे?"

"पाच," मी म्हणालो. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत.

"मग हरकत नाही. पाच खुर्च्या म्हणजे धंदा होतो. जागा भाड्याची का स्वतःची?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी गाडीचा फोटो धाडला. निपाणीत तो बारा जणांनी पाहिला. पुन्हा आप्पा. "गाडी होय? मग गाडी म्हण की. किती घोड्यांची?"

"३८७."

पलीकडं शांतता. मग आप्पा म्हणाले, "आमच्या पद्मिनीला चाळीस होते. त्यातले चार-पाच चढावर लंगडायचे."

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. ती घेऊन आप्पा निपाणीहून बेंगळूरला यायचे, मध्ये दावणगेरेला मुक्काम. साडेपाचशेच्या वर किलोमीटर, सहा माणसं, दोन ट्रंका आणि टपावर आंब्याची पेटी. भाच्याच्या गाडीत साडेनऊ पद्मिन्या कोंबल्यात. माणसं मात्र पाचच बसतात, आणि पाचवा मधल्या उंचवट्यावर पाय फाकवून.

गाडीचं नाव बीएमडब्ल्यू एम३४०आय. मार्च २०२१मध्ये ती भारतात आली, जुळणी चेन्नईत, किंमत तेव्हा एक्स-शोरूम ६२ लाख ९० हजार. एक्स-शोरूम हा शब्द स्थळाच्या चिठ्ठीतल्या 'मुलगा निर्व्यसनी'सारखा आहे. खरं काय ते पुढं कळतं. कर्नाटकात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला आजन्म कर १८ टक्के, सेस धरून तो २०ला टेकतो. म्हणजे साडेबारा लाख रुपये रस्त्यावर यायची परवानगी म्हणून. रस्ता त्यात धरलेला नाही.

बाहेरून बघाल तर ह्या गाडीत विशेष काही नाही. कंपनीच्या एखाद्या थोराड मॅनेजरची गाडी वाटावी, मुलांना शाळेत सोडणारी, देवळासमोर सावलीत उभी राहणारी. तिची सगळी गंमत ह्यातच आहे. लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट घासणारी इटालियन गाडी आधीच दवंडी पिटत येते. स्पोर्ट्स सलून म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. ही वृत्ती जुनीच. १९६८ साली मर्सिडीजनं आपल्या गंभीर चेहऱ्याच्या ३०० एसईएलमध्ये थोरल्या ६०० लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं. एरिक वॅक्सेनबर्गर नावाच्या इंजिनिअरचा हा उद्योग. १९८५च्या सुमारास बीएमडब्ल्यूनं एम१ ह्या सुपरकारच्या घराण्यातलं २८६ घोड्यांचं इंजिन शाळामास्तरासारख्या दिसणाऱ्या ५ सीरिजच्या पोटात घातलं आणि पहिली एम५ झाली. मग १९९०मध्ये लोटसनं ३७७ घोड्यांची कार्लटन काढली. तीन वर्षांनी इंग्लंडातल्या वेस्ट मिडलंड्समध्ये चोरट्यांनी तसली एक गाडी पळवली आणि रात्री-बेरात्री तिच्यातून दुकानं फोडत सुटले. पोलिसांच्या गाड्यांना ती काही गाठता येईना.

चामराजपेटेत हे प्रकरण अर्ध्या तासात मिटलं असतं. सिर्सी सर्कलच्या सिग्नलपाशी हवालदार चालत गेला असता, काचेवर टकटक केली असती, आणि चोरांनीच काच खाली करून विचारलं असतं, "सार, पुढं काय झालंय?"

चामराजपेट १८९२ साली वसवली, दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या नावानं. कार्ल बेन्झनं मोटारीचं पेटंट घेतलं त्याला तेव्हा सहाच वर्षं झाली होती आणि त्याच्या त्या तीनचाकीत पुरता एक घोडाही नव्हता, पाऊणच होता. त्या काळच्या आखणीकारांनी एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते पाडले, दोन्ही बाजूंना झाडं लावली. एक बैलगाडी जातीय, समोरून एक जटका येतोय, कडेनं सोवळ्यातले कुणी चाललेत, असा त्यांचा हिशोब. तो अजूनही बरोबर आहे. फक्त बैलगाडीच्या जागी टेम्पो आहे, जटक्याच्या जागी चार रिक्षा आहेत, आणि सोवळ्यातले गृहस्थ स्कूटरवर उलट्या बाजूनं येतात.

अशा रस्त्यावर ३८७ घोडे आले. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी येऊन, गाडीभोवती प्रदक्षिणा घालून, एकच प्रश्न विचारला. इस्त्रीवाल्यानं विचारला, नारळवालीनं विचारला, शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांनी गाऊनसारखा दिसणारा घरचा झगा सावरत विचारला. "मैलेज एष्टु कोडुत्ते?" मायलेज किती देते? भाचा पहिल्यांदा चेन्नई, सहा सिलिंडर, ५०० न्यूटन मीटर वगैरे सांगायचा. ऐकणारा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि पुन्हा विचारायचा, "अदु सरी. मैलेज?" हल्ली भाचा 'हन्नेरडु' म्हणून मोकळा होतो. बारा. गल्लीचा त्याच्याविषयीचा आदर कमी झालाय, पण वेळ वाचतो.

खरा रसिक एकच भेटला. पलीकडच्या घरात मृदंगम् शिकवणारे एक सर राहतात. १९३९ साली सुरू झालेल्या श्री रामसेवा मंडळीच्या रामनवमीच्या कचेऱ्या आमच्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर भरतात, आणि त्या दिवसांत हे सर मंडपात पुढच्या रांगेत मांडीवर ताल देताना दिसतात. त्यांनी मैलेज विचारलं नाही. गाडी सुरू होती, ते डोळे मिटून उभे राहिले, चार बोटं हलवली आणि म्हणाले, "तिश्र नडे."

भाच्याला काही कळलं नाही. मी मात्र जागच्या जागी त्यांच्या पायाच पडायचा बाकी राहिलो. सहा सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या एका फेऱ्यात बरोबर तीन सिलिंडर पेट घेतात. दोन फेरे, सहा ठोके. कर्नाटक संगीतवाल्याला ते तिश्र, आपल्याला दादरा. ज्यांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही त्यांनी उभ्याउभ्या इंजिनाची कुंडली मांडली. पुढं त्यांनी एवढंच विचारलं की आतला आवाज आणि बाहेरचा आवाज थोडा वेगळा का. ह्या जातीच्या आजकालच्या गाड्यांत इंजिनाच्या आवाजाला स्पीकरमधून थोडी साथ देतात, हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा," म्हणाले आणि घरात गेले.

ते सहा सिलिंडर एका ओळीत उभे आहेत, प्रत्येक अर्ध्या लिटरचा, मिळून २९९८ सीसी. एका ओळीतल्या सहांचं वैशिष्ट्य लेझीम खेळलेल्या माणसाला पटकन कळेल. पहिला आणि सहावा दट्टा बरोबर वर जातात, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर. जोडी-जोडीनं. एकाच्या झुकण्याचा तोल दुसरा सावरतो, त्यामुळं ओळ डुलते पण खांब हलत नाही. चार सिलिंडरच्या गाडीला हा तोल पुरता साधत नाही. तिची थरथर कुठं तरी, आरशात नाही तर ढुंगणाखाली, जाणवतेच. ह्या गाडीचं इंजिन चालू असताना बॉनेटवर कॉफीचा लोटा ठेवला तर साय मोडत नाही. आम्ही ठेवून बघितला. कॉफी माझी होती, बॉनेट त्याचं होतं, आणि त्यानं बघितल्यावर जे झालं ते वेगळं.

टर्बो समजायला फुंकणी पुरे. आमची आजी चुलीत लाकूड धुमसायला लागलं की फुंकणीनं फुंकायची. वारा जास्त, जाळ जास्त. टर्बो हीच फुंकणी, पण फुंकणारं तोंड धुराचं. सिलिंडरातून जळून बाहेर पडणारा वायू एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते ताजी हवा दाबून आत घालतं. म्हणजे चुलीच्याच धुरानं चूल फुंकायची. आजीला हे सांगितलं असतं तर तिनं फुंकणी डोक्यात घातली असती. त्यातही धुराला यायला दोन वेगळ्या वाटा ठेवल्यात, तीन-तीन सिलिंडरना एकेक, कारण एकाचा श्वास दुसऱ्याच्या श्वासावर आपटला की जोर मरतो. दाबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पेट्रोल कमी जळतं, म्हणून आत जाण्याआधी ती पाण्यानं गार करतात. हे मात्र बेंगळूरकराला शिकवावं लागत नाही. लोट्यातून वाटीत, वाटीतून लोट्यात, तो रोज सकाळी तेच करतो.

गियरबॉक्स झेडएफ ह्या जर्मन कंपनीचा, आठ गियरांचा. त्याच्या पोटात एकमेकांत गुंतलेले दातेरी चाकांचे चार संच आणि त्यांना धरून ठेवणारे पाच पंजे. कुठल्याही गियरात पाचांपैकी तीन जण घट्ट धरून असतात आणि दोघांनी हात सोडलेला असतो. गियर बदलायचा म्हणजे धरलेल्यांतला एक सोडतो, सोडलेल्यांतला एक धरतो, आणि हे इतक्या सफाईनं की बाहेर पत्ता लागत नाही. आमच्या निपाणीच्या वाड्यात पाच भाऊ होते. तिथंही दोघं कायम रुसलेले असायचे, तिघं घर ओढायचे, आणि रुसणारे दर महिन्याला बदलायचे. पण आमच्याकडं बदल व्हायचा तो आवाज वेशीपर्यंत जायचा.

तर हे सगळं वैभव कशासाठी? शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत गाठण्यासाठी. कंपनीच्या पत्रकात हा आकडा आहे, भाच्याच्या तोंडात तो दर तासाला असतो. एका रविवारी वैतागून मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. पावणेदोन टनांची गाडी उभ्या जागेवरून १००च्या वेगाला नेली की तिच्यात साठते ती ऊर्जा सुमारे ६७५ किलोज्यूल. किलोज्यूल म्हणजे किती हे पोटाला कळत नाही, म्हणून कॅलरीत आणलं. १६१ किलोकॅलरी.

तीन इडल्या. चटणी धरलेली नाही.

माझाच विश्वास बसेना. पुन्हा केलं, तेच आलं. भाचा त्या सकाळी सहा इडल्या खाऊन सोफ्यावर आडवा झाला होता. त्याच्या पोटात त्या क्षणी दोन गाड्या १००च्या वेगानं पळत होत्या आणि त्याला टीव्हीचा रिमोट उचलवत नव्हता. इंजिन अर्थात त्याच्याहून बरं. पेट्रोलातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा ते चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन हवेत जाते. त्या हिशोबानं ४.४ सेकंदांच्या ह्या पराक्रमाला साठ-सत्तर मिलिलिटर पेट्रोल लागतं. बेंगळुरात एका कॉफीचे दोन भाग करून घ्यायची पद्धत आहे, बाय-टू म्हणतात. साठ-सत्तर मिलिलिटर म्हणजे बाय-टूमधला एकाचा वाटा. ६३ लाखांची गाडी, ३८७ घोडे, आणि तहान केवढी, तर अर्धी कॉफी!

पण ती अर्धी कॉफी प्यायची कुठं? टॉमटॉम नावाची डच कंपनी जगभरातल्या शहरांची वाहतूक मोजते. २०२२च्या तिच्या यादीत बेंगळूरच्या मध्यभागी १० किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होते, जगात लंडनखालोखाल दुसरा क्रमांक. म्हणजे ताशी वीस किलोमीटर. ह्या गाडीचा वेग कंपनीनं २५०वर अडवून ठेवलाय, सुरक्षेसाठी. आमच्याकडं तो त्याच्या २३० किलोमीटर आधीच अडलेला आहे. भाच्याची कचेरी व्हाइटफील्डला. पहिली दोन वर्षं त्यानं मानासाठी गाडी नेली. ऑक्टोबर २०२३मध्ये मेट्रोची जांभळी मार्गिका व्हाइटफील्डपर्यंत पुरी झाली, आणि तेव्हापासून चामराजपेटेतला हा सर्वांत वेगवान मनुष्य रोज सकाळी चालत के. आर. मार्केट स्टेशनला जातो, मॅजेस्टिकला गाडी बदलतो आणि उभ्यानं प्रवास करतो. घोडे घरी.

घोड्यांवरून आठवलं. बेंगळूरचा जुना किल्ला आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे. १६३८च्या सुमारास विजापूरकरांनी हा मुलूख जिंकला आणि तो शहाजीराजांच्या जहागिरीत आला. तेव्हापासून ह्या बाजूला मराठी माणूस घोडे बाळगून आहे. भाच्याला हे सांगितल्यावर तो जरा फुगला. "मामा, म्हणजे मी शिलेदार की!"

मी म्हटलं, बाबा रे, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. दुसऱ्याच्या पागेतला घोडा ज्याला मिळतो तो बारगीर. तुझ्या हप्त्यांचा तक्ता आण बघू. तक्ता सात वर्षांचा निघाला. घोडे सगळे बँकेचे.

"तू बारगीर," मी म्हणालो. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शहाजीराजांचे चिरंजीव एकोजी तंजावरला गेले आणि त्यांना इतक्या लांबून बेंगळूर सांभाळणं परवडेना. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांशी ३ लाख रुपयांना सौदा ठरला. पण १६८७मध्ये मोगलांचा कासीमखान मध्येच गाव बळकावून बसला आणि त्यानंच ते वडियारांना देऊन टाकलं, त्याच ३ लाखांना. एकोजींना काही मिळालं नाही. बेंगळुरातल्या जमिनीच्या व्यवहारात मध्येच तिसरा माणूस उगवतो, ती परंपरा इतकी जुनी आहे. आणि अख्खं बेंगळूर, किल्ला, पेठा, तळी ह्यांसकट, ३ लाख! भाच्याच्या गाडीचा एक विमा आणि चार टायर तेवढ्यात बसवताना आम्हाला घाम फुटला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम सांगतो की गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५नं सुखानं पार होतो. आमचा कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नाही. एका सकाळी उठलो तर तो होता. लिंगासारखा स्वयंभू. उंची नियमापेक्षा बरीच, रुंदी झोपलेल्या माणसाएवढी. त्याच्यावरून भाचा गाडी तिरकी नेतो. आधी डावं पुढचं चाक, मग उजवं, मग डावं मागचं, मग उजवं. दर चाकाला मी खाली वाकून "ये... ये... बस, बस" म्हणतो. पहिल्या आठवड्यात पोट घासल्याचा आवाज आला तेव्हा मला गाडीपेक्षा भाच्याचा चेहरा बघवला नाही. इतक्या हळू, इतक्या लाडानं चालणारी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. पद्मिनी असती तर आप्पांनी ती धाडकन नेली असती आणि गतिरोधकानं माफी मागितली असती.

गाडी उभी राहिली की तिच्यात राहायला येणारे येतातच. २०२४च्या श्रावणात बॉनेट उघडलं तर आत शेंगांची टरफलं. ३८७ घोड्यांच्या तबेल्यात एक उंदीर. जर्मन इंजिनिअरांनी हवेच्या वाटा, पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा आखल्या; गणपतीच्या वाहनानं त्यांतून आपली चौथी वाट काढली. उपाय आप्पांनी फोनवरून सांगितला आणि दसऱ्याला येताना स्वतः घेऊन आले. निपाणीच्या तंबाखूची पानं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी करून बॉनेटखाली. उंदीर गेला. गाडीच्या एसीला आठवडाभर आमच्या गावच्या बाजाराचा वास होता. मला बरं वाटायचं.

आयुधपूजा म्हणजे आपली खंडेनवमी, पण कर्नाटकात तिचा थाट दांडगा. टॅक्सी, बस, टेम्पो, लेथ मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळद-कुंकू. गाडीच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधले, नाकाला झेंडूची माळ घातली, आणि भाच्यानं इंजिन सुरू करताच गाडीनं आकांत मांडला. चहूबाजूंना बसवलेल्या सेन्सरांना केळीचे खुंट दिसत होते. पडद्यावर सगळीकडं लाल. गाडीच्या समजुतीप्रमाणं ती एका जंगलात अडकली होती. कोहळा फुटला, कुंकवाचं पाणी डांबरावर पसरलं, आणि भटजींनी चारी चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. "मुंदे बन्नि," ते म्हणाले. पुढं या.

जमलेले सगळे श्वास रोखून उभे. भाच्यानं ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. गाडी दोन फूट पुढं सरकली. चार लिंबं एकदमच फुटली, एक मागं नाही, एक पुढं नाही. चारही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेचा असा चोख प्रयोग म्युनिकमध्येही झाला नसेल. मृदंगमवाल्या सरांनी टाळी दिली. "समेवर," म्हणाले.

आप्पा मात्र असमाधानी. "एवढंच?" त्यांनी विचारलं. "लिंबं पद्मिनीनंही फोडली होती."

म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे पाचला निघालो. भाचा चालवायला, शेजारी आप्पा काळी टोपी घालून, मागं मी आणि ताई. चामराजपेटेचं एक भाग्य असं की म्हैसूर रोड उंबऱ्याशी आहे. २०२३च्या मार्चमध्ये बेंगळूर-म्हैसूर द्रुतमार्ग सुरू झाला, ११९ किलोमीटर. त्यावर मर्यादा १००ची, डोक्यावर कॅमेरे, आणि २०२४च्या ऑगस्टपासून कर्नाटकात १३०च्या वर गेलं की नुसता दंड नाही, गुन्हा दाखल. म्हणजे गाडी २५०ची, रस्ता १००चा, आणि मध्ये तुरुंग. ताईची वेगळीच तक्रार. नवा रस्ता बिडदीला बगल देतो, मग तट्टे इडली कुठं खायची?

"टोल संपला की दाखवतो," भाचा म्हणाला. "शून्य ते शंभर. फक्त ४.४ सेकंद. आप्पा, नीट लक्ष द्या हं."

कणिमिणिकेच्या टोलनाक्याचा दांडा वर झाला. पुढं तीन मार्गिका मोकळ्या, आभाळ नुकतं तांबडं. भाच्यानं गाडी थांबवली, आरसे बघितले, डावा पाय ब्रेकवर रोवला, उजवा तळापर्यंत दाबला. इंजिन घुमायला लागलं. ताईनं रामरक्षा सुरू केली. आप्पांना प्रवासात थांबलं की एक सवय आहे. त्यांनी बंडीच्या खिशातून तपकिरीची डबी काढली, झाकण उघडलं, चिमूट घेतली.

भाच्यानं ब्रेक सोडला.

गाडी पुढं जाते तेव्हा आतल्या मोकळ्या वस्तू मागं येतात, हे न्यूटननं सांगून ठेवलंय. निपाणीची तपकीर, अर्धी डबी, आप्पांच्या खांद्यावरून एका ढगासारखी मागच्या सीटवर आली. पुढचं मला फक्त आवाजानं माहीत आहे. मी सात शिंका दिल्या. ताईनं रामरक्षेच्या मध्ये नऊ. मला वाटतं तिसऱ्या-चौथ्या शिंकेच्या दरम्यान कुणी तरी माझी पाठ सीटमध्ये दाबत होतं, पण ते शिंकेमुळं का ३८७ घोड्यांमुळं, हे आता सांगता येत नाही. डोळे पुसून बघितलं तेव्हा आकडा १००वर शांत उभा होता आणि आम्हाला एक टेम्पो ट्रॅव्हलर डावीकडून मागं टाकून गेला.

"कसं वाटलं?" भाच्यानं समोर बघत विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काय?" आप्पा म्हणाले. ते पायाशी वाकून डबीचं झाकण शोधत होते.

"झालं, आप्पा. शंभर."

"कधी?"

भाच्याच्या तोंडून शब्द फुटेना. आप्पांना झाकण सापडलं. त्यांनी ते डबीवर घट्ट दाबलं, डबी मुठीत धरली आणि पाठ टेकून ताठ बसले. "परत कर. आता मी तयार आहे."

"आता असं मध्येच थांबता येत नाही, आप्पा. द्रुतमार्ग आहे. पुढचा टोल पार श्रीरंगपट्टणच्या अलीकडं, गणंगूरला."

"चालेल," आप्पा म्हणाले, आणि रामनगरच्या डोंगरांकडं न बघता टोलनाक्याची वाट बघू लागले.